मोनाझाइटपासून चुंबकापर्यंत: अर्धवट राहिलेल्या साखळीची पार्श्वभूमी

26 नोव्हेंबर 2025 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने रेअर अर्थ (निओडिमियमसारखी दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं) वापरून होणाऱ्या चुंबकांसाठी 7,280 कोटींची योजना मंजूर केली. पण रेअर अर्थवर प्रक्रिया करणारा कारखाना केरळात अलुव्याला 1952 पासूनच आहे. मग गाडी अडली कुठे?

मुळात सरकारला हवं होतं थोरियम, अणुइंधनासाठी उपयोगी किरणोत्सारी धातू. किनाऱ्यावरच्या वाळूतल्या मोनाझाइट या खनिजात रेअर अर्थ ऑक्साइड 55 ते 60 टक्के, थोरियम ऑक्साइड जेमतेम 8-9 टक्के. तरी 1950 मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी उभी राहिली तेव्हा सगळा रोख अणुऊर्जेवर होता. अलुव्याचा थोरियमयुक्त चोथा शुद्धीकरणासाठी ट्रॉम्बेला येई.

ही प्रक्रिया नाजूक आहे. दळलेलं मोनाझाइट तीव्र कॉस्टिक सोड्यात उकळलं की फॉस्फेट सुटून येतं. उरलेल्या चोथ्यात हायड्रोक्लोरिक आम्ल बेताबेताने सोडायचं. सामू (pH) 3-4 च्या आसपास सांभाळला तर रेअर अर्थ विरघळतात आणि थोरियम गाळात राहतं. आम्ल जास्त झालं तर थोरियमही द्रावणात उतरतं आणि पुढचा माल किरणोत्सारी होतो. मग चुंबकाला लागणारं निओडिमियम-प्रासिओडिमियम वेगळं काढायला विद्रावकाच्या टाक्यांची लांबलचक रांग लागते, कारण ही भावंडं रासायनिक गुणांनी जवळजवळ सारखी.

इथवर आपल्याला येतं. पुढची पायरी, वितळलेल्या फ्लोराइडमध्ये 1,050 अंशांच्या आसपास विद्युत विघटन करून ऑक्साइडचा धातू करणं, मोठ्या प्रमाणावर उभीच राहिली नाही. या धातूत लोखंड आणि बोरॉन मिसळून केलेल्या मिश्रधातूची 3 ते 5 मायक्रॉनची भुकटी तर हवा लागताच पेटते. ती निष्क्रिय वायूतच हाताळावी लागते. एवढा खर्च चिनी भावापुढे कोण करणार? जपानशी झालेल्या 2012 च्या करारानंतर तिथल्या कंपनीला जाणारा मालही चुंबकाच्या बराच अलीकडचा होता.

4 एप्रिल 2025 ला चीनने सात मूलद्रव्यांवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवान्याची अट घातली, आणि वाहन कारखान्यांची झोप उडाली. जानेवारीतच महत्त्वाच्या खनिजांसाठीचं 16,300 कोटींचं अभियान मंजूर झालं होतं. चुंबक योजनेने मात्र नेमकी दुखरी जागा पकडली: 6,450 कोटी विक्रीवर प्रोत्साहन, 750 कोटी भांडवली अनुदान, जास्तीत जास्त पाच उत्पादक, प्रत्येकी 1,200 टनांपर्यंत, मिळून वर्षाला 6,000 टन. विकल्याशिवाय मोठी रक्कम नाही, हे आम्हाला योग्य वाटतं.

कच्च्या मालाचा हिशेब मात्र कडक आहे. चुंबकात साधारण 30 टक्के निओडिमियम-प्रासिओडिमियम धरलं तर 6,000 टनांना 1,800 टन धातू, म्हणजे सुमारे 2,100 टन ऑक्साइड लागेल. घासण्या-कापण्यातला भुगा वेगळाच. मोटारीतल्या चुंबकाला उष्णता सोसायला लागणारं डिस्प्रोसियम हे रेअर अर्थ मूलद्रव्य तर आपल्या मोनाझाइटमध्ये नावापुरतंच सापडतं.