मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीम : अपडेटची वारंवारता

मुक्तस्रोत, म्हणजे मूळ कोड सर्वांना खुला असलेल्या, ऑपरेटिंग सिस्टीमच्या नव्या आवृत्त्या आणि दुरुस्त्या किती अंतराने द्याव्यात, हे उबंटू, डेबियन, आर्च लिनक्स अशा सिस्टीम बनवणारा प्रत्येक प्रकल्प आपापल्या परीने ठरवतो. उबंटूची आवृत्ती २००४ पासून साधारणपणे दर सहा महिन्यांनी येते आणि दर दोन वर्षांनी येणाऱ्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. डेबियनची स्थिर आवृत्ती मात्र तयार झाली तरच निघते. २००२ नंतरची पुढची आवृत्ती थेट २००५ मध्ये आली. आर्च लिनक्समध्ये ठरावीक आवृत्त्या नसतातच, बदल अखंड येत राहतात.

येथे दोन गोष्टींची गल्लत होऊ नये. सुरक्षेची दुरुस्ती सापडेल तेव्हा तातडीने द्यायची असते; नव्या सोयींना ती घाई लागू नाही. म्हणूनच डेबियनमध्ये स्थिर आवृत्तीतील जुनाच प्रोग्राम कायम ठेवून त्यात फक्त दोष दूर करणारा बदल घालतात. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या संकुचन-साधनात कोणीतरी हेतुपुरस्सर घुसवलेला चोरदरवाजा (गुपचूप आत शिरण्याची वाट) उघडकीस आला, तेव्हा तो डेबियनच्या चाचणी शाखेपर्यंत, म्हणजे पुढची स्थिर आवृत्ती जिथे घडते तिथपर्यंत, पोहोचला होता, स्थिर आवृत्तीपर्यंत नाही. संथपणाचे याहून ठळक समर्थन क्वचितच मिळेल.

नवी मुंबईतील महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यातील डेटा सेंटरांत या प्रश्नाला रोजच्या कामाचे रूप येते. कर्नल (सिस्टीमचा गाभा) बदलला की सर्व्हर सहसा रीस्टार्ट करावा लागतो. त्यामुळे वर्दळ कमी असताना, बहुधा रात्री, एकेक सर्व्हर कामातून बाजूला काढतात, तो पुन्हा सुरू करून सेवा सुरळीत चालल्याची खात्री करतात आणि मगच पुढचा हाती घेतात.

ठाण्यातील महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेची अडचण वेगळी असते. उबंटूच्या सहामाही आवृत्तीला नऊच महिने दुरुस्त्या मिळतात, म्हणजे एप्रिलची आवृत्ती जूनमध्ये बसवली तर तिची मुदत जानेवारीत, ऐन शैक्षणिक वर्षात संपते. दीर्घ मुदतीची आवृत्तीही एप्रिलमध्येच येते. पण जुन्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवरील संगणकांना ती तिच्या पहिल्या सुधारित अंकानंतर (तोवरच्या दुरुस्त्या एकत्र करून काढलेल्या उप-आवृत्तीनंतर) देऊ केली जाते. २०२४ मध्ये तो ऑगस्टअखेरीस आला, तोवर प्रात्यक्षिके सुरू झालेली असतात. अशा प्रयोगशाळेने आवृत्तीबदल पुढच्या मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत लांबवणेच योग्य. सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र वर्षभर आपोआप बसतील अशी सोय आधीच करून ठेवावी लागते.