संवादी नकाशे : व्यवसायातील आकडेवारीचे विश्लेषण

संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावरचा जो नकाशा लहान-मोठा करता येतो, ज्याचे थर चालू-बंद करता येतात आणि ज्यावरील ठिकाणावर टिचकी मारताच तिथली माहिती उघडते, तो संवादी नकाशा. विक्री, ग्राहक, गोदामे, वितरक यांचे आकडे त्यावर मांडले की मागणी कुठे आहे, माल कुठे पोचत नाही आणि नवे दुकान कुठे चालेल हे तपासता येते. किरकोळ व्यापार, बँका, विमा आणि घरपोच सेवा यांत ही पद्धत रुळली आहे.

नकाशावर आकडे मांडून कारण शोधण्याची रीत संगणकाहून जुनी आहे. लंडनच्या सोहो भागातील कॉलराचे मृत्यू डॉक्टर जॉन स्नो यांनी १८५४ च्या साथीनंतर नकाशावर मांडले, तेव्हा ते ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाभोवती एकवटलेले दिसले. व्यापाराच्या अंगाने महत्त्वाचे काम डेव्हिड हफ यांचे. दुकान जितके मोठे तितकी त्याची ओढ जास्त आणि तिथवर जायला लागणारा वेळ वाढेल तशी ती कमी, या तत्त्वावर त्यांनी १९६० च्या दशकात ग्राहक कोणत्या दुकानाकडे वळेल याची संभाव्यता मांडली. नव्या शाखेची जागा ठरवताना हे सूत्र आजही वापरतात. ओपनस्ट्रीटमॅप (२००४) आणि गूगल मॅप्स (२००५) यांच्यानंतर असे नकाशे तज्ज्ञांच्या कार्यालयाबाहेर आले. टॅब्लो, पॉवर बीआय यांसारख्या साधनांत विक्रीचा तक्ता थेट नकाशावर चढवता येतो. नकाशे बनवण्याचे क्यूजीआयएस हे साधन तर मोफत आहे.

खरी मेहनत पत्त्यांवर करावी लागते. बहुतेक बिलांवर अक्षांश-रेखांश नसतात, पिनकोड असतो. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही सहा आकडी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती टपाल वाटण्यासाठी असल्याने पिनकोडची हद्द तालुक्याच्या हद्दीशी जुळेलच असे नाही. नावांवर विसंबणे त्याहून धोक्याचे. एका तक्त्यात उस्मानाबाद आणि दुसऱ्यात धाराशिव असेल, तर दोन्ही तक्ते जोडताना तो जिल्हा कोरा राहतो आणि पाहणाऱ्याला वाटते की तिथे विक्रीच नाही; म्हणून जोडणी शासकीय संकेतांकांवरून करावी. अक्षांश आणि रेखांशाची अदलाबदल झाली, तर पुण्याचे दुकान नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन पडते. रिकाम्या रकान्यांत शून्य भरले गेले असेल, तर ते ग्राहक आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात गोळा झालेले दिसतात. अशा चुका निदान डोळ्यांना दिसतात. चुकीच्या पिनकोडवरचा ठिपका मात्र निमूट खपून जातो.

रंगछटांचा नकाशा, म्हणजे ज्यात प्रत्येक जिल्हा त्याच्या आकड्यानुसार गडद किंवा फिका रंगवतात तो, सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत फसवा. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,००० चौ. किमी.हून अधिक, तर २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १०.७ लाख. मुंबई उपनगर जिल्हा ५०० चौ. किमी.च्या आत असून तिथे सुमारे ९३.५ लाख लोक होते. एकूण विक्रीनुसार रंग भरला तर गडचिरोलीचा मोठा फिका पट्टा नजर खेचतो आणि ज्या उपनगरांत खप आहे ती दिसतसुद्धा नाहीत. एकूण आकड्यांसाठी कमी-जास्त आकाराची वर्तुळे वापरावीत. रंग भरायचा असेल तर दरडोई किंवा दर दुकानामागे काढलेला दर घ्यावा. हद्दबदलही लक्षात ठेवावा लागतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीची आणि नंतरची ठाणे जिल्ह्याची विक्री तशीच शेजारी ठेवली, तर धंदा घटल्याचा भास होतो.

दुकानाभोवती पाच किलोमीटरचे वर्तुळ काढून त्यालाच बाजारक्षेत्र मानण्याची सवय सोडायला हवी. रत्नागिरी जिल्ह्यात वाशिष्ठी खाडीच्या एका तीरावर दाभोळ, समोर धोपावे. वर्तुळात दोन्ही गावे बसतात, पण गाडीने खाडी ओलांडायची तर फेरीबोट हवी, नाहीतर चिपळूणवरून मोठा वळसा. म्हणून बाजारक्षेत्र प्रवासाच्या वेळेवरून आखतात : अर्ध्या तासात जिथवर पोचता येते तेवढा भाग घेतला, की त्याचा आकार रस्ते, घाट आणि खाड्यांप्रमाणे वेडावाकडा होतो. रस्त्यांच्या माहितीत फेरीबोट धरली आहे की नाही, यावर धोपाव्याचा ग्राहक दाभोळच्या दुकानदाराच्या हिशोबात येणार की नाही हे ठरते.