लॉन कापायचं थांबवलं की कोण कोण राहायला येतं

कोल्हापूरचं ताराबाई पार्क, रुईकर कॉलनी, नागाळा पार्क. इथल्या कुठल्याही बंगल्यापुढचं लॉन मृगाच्या पावसानंतर महिनाभर कापलं नाही, की फाटकाबाहेरून विचारणा होतेच. "काय ओ साहेब, भांगलायला बायका मिळंनात होय?" मग विषय डासांवर जातो आणि तिथून सापांवर. शेजाऱ्यांचं सगळंच चुकीचं असतं असं नाही. पण आधी त्या गवतात काय घडतं ते बघू.

गवताचा कोंब जमिनीलगत असतो आणि पान बुडातून वर सरकत राहतं. वरून कापलं तरी कोंब शाबूत राहतो, म्हणून म्हशीनं चरलेलं रान पुन्हा हिरवं होतं. रुंद पानांच्या बहुतेक उभ्या रोपांचा कोंब शेंड्याला असतो. कटर फिरला की तो जातो आणि फूल धरायचं राहूनच जातं. अख्खं लॉन या एका फरकावर उभं आहे. एडविन बडिंग या इंग्रज कारागिरानं १८३० साली गवत कापायचं यंत्र काढलं, तेही लोकरी कापडावरची लव कातरणारं यंत्र पाहून. गालिच्यासारखं लॉन म्हणतात ते उगाच नाही.

कापणं थांबलं की मातीत पडून असलेलं बी डोकं वर काढतं. आपल्याकडे आंबुशी, केना, घोळ, टाकळा, एकदांडी ही ठरलेली मंडळी. यातल्या टाकळ्याची कोवळी पानं पहिल्या पावसानंतर भाजीला बाजारात येतात. अंगणात उगवला की मात्र तोच तण ठरतो. त्याच पानांवर पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात.

आंबुशीपाशी जरा उकिडवं बसून बघा. अंगठ्याच्या नखाएवढं, फिकट निळं फुलपाखरू जमिनीपासून वीतभर उंचीवरून उडत असतं. मादी आंबुशीच्या पानावर अंडं घालते. अळी पानाच्याच रंगाची असल्यानं सहसा दिसत नाही. तिच्याभोवती घुटमळणाऱ्या मुंग्यांवरून ती सापडते. अळीच्या अंगातून गोड रस पाझरतो, तो मुंग्या चाटतात आणि मुंग्यांच्या राबत्यामुळे बारीकसारीक शत्रू अळीपासून लांब राहतात. दर आठवड्याला कापल्या जाणाऱ्या लॉनमध्ये एवढं कुटुंब वाढायला उसंतच मिळत नाही. पुढे गवताला बी धरलं की मुनियांचे थवे उतरतात. काडीवर बसून, ती वाकवून, त्या एकेक दाणा सोलून खातात.

मग कापायचंच नाही का? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड शहरात सुसान्ना लर्मन आणि सहकाऱ्यांनी १६ घरांची लॉनं निवडली. काही दर आठवड्याला, काही दोन, तर काही तीन आठवड्यांनी कापली. २०१८ साली निष्कर्ष छापून आले. तीन आठवड्यांच्या लॉनमध्ये फुलं अडीच पटींपर्यंत वाढली, पण मधमाश्या सगळ्यात जास्त आल्या त्या दोन आठवड्यांच्या लॉनवर. उंच गवतात बुटकी फुलं झाकली जात असावीत, असा संशोधकांचा अंदाज. म्हणजे निम्मा आळस पुरतो! अर्थात तिथली फुलं वेगळी, ऋतू वेगळे. आपल्या पावसाळ्यात गवत ज्या वेगानं वाढतं, त्याला हे दिवस जसेच्या तसे लागू होणार नाहीत.

आता डास. डेंग्यूचा डास अंडी घालतो साचलेल्या स्वच्छ पाण्यात: कुंडीखालची ताटली, टेरेसवरचा टायर, झाकण नसलेला बॅरल. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. दिवसा डास गवताच्या सावलीत विसावतात हे खरं, पण त्यांची पैदास गवतात होत नाही. ताटल्या आठवड्यातून एकदा कोरड्या केल्यात तर शेजाऱ्यांशी वाद घालायची वेळ कमी येईल.

सापाचं तसं नाही, तिथे भीतीला आधार आहे. वस्तीत दिसणारे धामण आणि दिवड बिनविषारी, पण घोणसही उंदरांच्या मागावर येते आणि उंच गवतात ती दिसत नाही. म्हणून दारापासून फाटकापर्यंतची वाट, घराच्या भिंतीलगतचा पट्टा आणि पोरं खेळतात ती जागा छाटलेलीच हवी. खरकटं उघड्यावर टाकू नये. उंदीर त्यावरच पोसतात.

हा छाटलेला पट्टा आणखी एक काम करतो. जोन नासाउअर या अमेरिकन अभ्यासक लँडस्केप आर्किटेक्टनं १९९५ साली मांडलं, की लोकांना खटकते ती रानटी वाढ नव्हे, तर तिथे कुणाचं लक्ष नाही ही शंका. कडा नीट कापलेली, कुंपण सरळ, मधून पायवाट असली की तेच गवत मुद्दाम राखलेलं दिसतं. आपल्याकडे हे चटकन पटावं. फाटकापुढे सडा-रांगोळी असलेल्या घराला कुणी ओसाड म्हणत नाही.

कोल्हापुरात मात्र हातावर हात ठेवून बसून चालत नाही, कारण गाजर गवत. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलेलं हे अमेरिकेतलं तण पडीक जागा पाहता पाहता व्यापतं. एकेक झाड हजारोंनी बी टाकतं आणि त्याच्यामुळे त्वचेला खाज सुटते, दमा बळावतो. अंगण पूर्ण मोकाट सोडलं तर आंबुशी-घोळ मागे पडतात आणि हेच माजतं. तेव्हा भांगलण हवीच, पण निवडून. पाऊस पडून माती मऊ झाली, की हातमोजे घालून फुलोऱ्याआधी ते मुळासकट उपटायचं. घाणेरीचं रोप दिसलं तर तेही.

मोठी कापणी दिवाळीनंतर, बी झडल्यावर करावी. उन्हाळ्यापर्यंत राहू दिलं तर वाळलेलं गवत पेट घेतं. कापलेलं गवत तिथेच कुजवण्यापेक्षा उचललेलं बरं. जमीन फार सकस झाली की दांडगं गवत जोर धरतं आणि फुलांची रोपं दबतात. दोन-चार पेंड्या वैरण जवळच्या गोठ्यात हसत घेतील. फक्त देण्याआधी त्यात गाजर गवत नाही ना, ते बघा. ते पोटात गेलं तर म्हशीचं दूध कडवट होतं, आणि दुधाच्या बाबतीत कोल्हापूरकर काही ऐकून घेत नाहीत.