गोळी नळीबाहेर पडल्यावर वर उचलते का?

बेळगावजवळच्या खानापूर, जांबोटीकडे शेतराखणीच्या बंदुकीचा विषय निघाला की एक समज हमखास ऐकू येतो, फॉरवर्डमधूनही फिरतो: रायफलची गोळी सुटल्यावर आधी वर उचलते, काही अंतर सरळ जाते आणि जोर संपला की खाली येते.

प्रत्यक्षात नळीचं तोंड सोडताच गोळी पडू लागते. वेग कितीही असो, ०.१ सेकंदात ती नळीच्या रेषेच्या (नळी सरळ पुढे वाढवली तर होणाऱ्या रेषेच्या) ५ सेंटिमीटर खाली येते, ०.२ सेकंदात जवळपास २०. सेकंदाला सरासरी ८०० मीटर वेग धरला, तर १०० मीटरवर ती नळीच्या रेषेखाली साधारण ८ सेंटिमीटर असते.

समज टिकला, कारण डोळ्याला दिसतं ते खोटं नसतं. रायफलवरची नेमाची दुर्बीण नळीच्या चारेक सेंटिमीटर वर बसते, म्हणून नेम बसवताना नळीचं तोंड नजरेच्या रेषेकडे किंचित वर झुकवलेलं असतं. गोळी ती रेषा खालून छेदते, थोडी वर जाते, मग पुन्हा खाली उतरते. नळीच्या रेषेच्या वर मात्र ती कधीच जात नाही. हा फरक नीट समजून घ्यायलाच हवा.

पडताळा घरीही घेता येतो. टेबलाच्या कडेवरून एक नाणं टिचकीनं आडवं उडवा, त्याच क्षणी दुसरं सरळ खाली सोडा. दोन्हींचा आवाज एकदमच येतो.

परवाना असलेल्यांनी नेमबाजीच्या अधिकृत रेंजवरच कागदी लक्ष्यावर हे पाहावं (शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे). १०० मीटरला नेम बसवलेली अशी रायफल २५ मीटरवर नेमाच्या दीडेक सेंटिमीटर खाली छिद्र पाडते, २०० मीटरवर दहा-बारा.