लिस्बनला पर्यटनासाठी जाताना : शेंगेन व्हिसाची पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची रीत

पोर्तुगालची राजधानी लिस्बन पाहण्यासाठी भारतीय पासपोर्टधारकाला शेंगेन क्षेत्राचा, म्हणजे आपापसांतील सीमांवर पासपोर्ट तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, अल्पमुदतीचा व्हिसा आधी काढावा लागतो. या क्षेत्रात आज 29 देश असून एकाच व्हिसावर त्या सर्व देशांत फिरता येते. मात्र कोणत्याही 180 दिवसांच्या कालावधीत सर्व देशांतील मुक्काम मिळून 90 दिवसांपेक्षा अधिक भरता कामा नये. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग खुला असल्यामुळे अनेक गोमंतकीय कुटुंबांत या व्हिसाविषयी गैरसमज आढळतो. जो भारतीय पासपोर्टावर प्रवास करतो, त्याला पूर्वज कोठे जन्मले याचा विचार न होता व्हिसा लागतो. उलट, परदेशी नागरिकत्व स्वीकारल्यास भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते, याचीही जाणीव ठेवावी.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, हे सर्वांत आधी ठरवावे. ज्या देशात सर्वाधिक मुक्काम आहे किंवा जो प्रवासाचा मुख्य हेतू आहे, त्याच देशाकडे अर्ज करण्याचा नियम आहे. लिस्बनमध्ये तीन रात्री आणि माद्रिद व बार्सिलोना मिळून सहा रात्री राहण्याचा बेत असेल, तर अर्ज स्पेनकडे जातो. दोन्ही देशांतील मुक्काम सारखाच असेल, तर ज्या देशातून प्रथम प्रवेश होणार आहे, त्याच्याकडे. फ्रँकफर्टला केवळ विमान बदलायचे असल्यास त्यामुळे अर्ज जर्मनीकडे जात नाही; परंतु शेंगेन क्षेत्रातील प्रवेशाची पासपोर्ट तपासणी तेथेच होते. म्हणून हॉटेलचे आरक्षण, परतीचे तिकीट आणि विम्याचा कागद सामानात न टाकता हातातील पिशवीतच ठेवावा. 

अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी आणि कमीत कमी 15 दिवस आधी दाखल करता येतो. निर्णयाला साधारणपणे 15 दिवस लागतात, पण अधिक तपासणीची गरज वाटल्यास ही मुदत 45 दिवसांपर्यंत वाढू शकते. मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत भेटीची वेळ मिळणेच अवघड होत असल्याने त्या काळात जाणाऱ्यांनी दोन-तीन महिने आधी कामाला लागणे शहाणपणाचे आहे.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, शेंगेन क्षेत्र सोडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन पाने कोरी असलेला हवा. प्रवास विमा किमान 30,000 युरोंच्या संरक्षणाचा, सर्व शेंगेन देशांना आणि मुक्कामाच्या प्रत्येक दिवसाला लागू असणारा घ्यावा. तातडीचे उपचार, रुग्णालयात दाखल होणे आणि मायदेशी परत आणणे यांचा खर्च त्यात समाविष्ट असावा लागतो. याशिवाय सही केलेला अर्ज, छायाचित्र, जाण्या-येण्याचे आरक्षण, राहण्याच्या जागेचा पुरावा, दिवसवार कार्यक्रम, बँकेचे खातेउतारे आणि आयकर विवरणपत्रे जोडावी लागतात. नोकरदाराने रजा मंजूर झाल्याचे कार्यालयाचे पत्र, व्यावसायिकाने व्यवसाय नोंदणीचा दाखला आणि निवृत्त व्यक्तीने निवृत्तिवेतनाचा पुरावा द्यावा. शेतीचे उत्पन्न दाखवायचे असल्यास सातबारा उताऱ्यासोबत त्याचे इंग्रजी भाषांतर जोडावे. अल्पवयीन मुलांसाठी जन्मदाखला आणि आई-वडील दोघांचीही संमती आवश्यक असते.

कागदांची संख्या वाढवण्यापेक्षा त्यांचा एकमेकांशी मेळ बसणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी रीत असल्याने एकाच व्यक्तीचे नाव पासपोर्टावर एका प्रकारे आणि बँकेत दुसऱ्या प्रकारे लिहिलेले असते. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांना हा त्रास विशेष होतो. अर्जात नाव पासपोर्टाप्रमाणेच भरावे आणि फरक असेल तेथे विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील नोंद जोडावी. रजेच्या तारखा, विमानाच्या तारखा, हॉटेलच्या रात्री आणि विम्याची मुदत एकमेकांशी जुळतात का, हे अर्ज देण्यापूर्वी एका बैठकीत तपासावे. खात्यात ऐनवेळी मोठी रक्कम भरलेली दिसल्यास ती कोठून आली, याचा खुलासा कागदानिशी द्यावा. बनावट आरक्षण देणाऱ्या दलालांपासून मात्र कटाक्षाने दूर राहावे, कारण खोटा कागद हे नकाराचे स्वतंत्र कारण आहे आणि त्याची नोंद पुढील अर्जांच्या वेळीही समोर येऊ शकते.

व्हिसाचे शुल्क 11 जून 2024 पासून प्रौढांसाठी 90 युरो आणि 6 ते 12 वर्षांखालील मुलांसाठी 45 युरो आहे. सहा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे द्यावे लागते, आणि व्हिसा नाकारला गेला तरी व्हिसाचे शुल्क परत मिळत नाही. बोटांचे ठसे देण्यासाठी स्वतः जावे लागते. 12 वर्षांखालील मुलांना यातून सूट आहे, तर गेल्या 59 महिन्यांत ठसे दिलेले असल्यास तेच वापरता येतात.

व्हिसा हाती आल्यावर त्यावरील वैधतेच्या तारखा, मुक्कामाचे दिवस आणि प्रवेशांची संख्या लगेच वाचावी. वैधतेचा काळ मोठा दिसला तरी प्रत्यक्ष राहण्याची मुभा तेवढीच असेल असे नाही. लिस्बनहून शेंगेन क्षेत्राबाहेरील मोरोक्को किंवा लंडनला जाऊन पुन्हा परतायचे असल्यास एका प्रवेशाचा व्हिसा पुरत नाही, हे अर्ज भरतानाच लक्षात घ्यावे. लिस्बनमध्ये मुक्कामाच्या भाड्याखेरीज दर व्यक्तीमागे प्रत्येक रात्रीला 4 युरो पर्यटन कर घेतला जातो. दैनंदिन खर्चाचा अंदाज मांडताना तोही धरावा. वास्को द गामाची समाधी असलेला जेरोनिमोस मठ सोमवारी बंद असल्याने कार्यक्रमात तो वार टाळावा.

व्हिसा नाकारल्यास कारण ठरावीक नमुन्यात लेखी कळवले जाते आणि निर्णय देणाऱ्या देशाच्या कायद्यानुसार अपील करता येते. नकाराचे कारण दूर न करता तोच अर्ज पुन्हा दिल्याने काही साधत नाही. ज्यांनी मागील तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून नियमाप्रमाणे वापरले आहेत, अशा भारतात राहणाऱ्या भारतीयांना एप्रिल 2024 मधील निर्णयानुसार दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो, आणि पासपोर्टाची मुदत पुरेशी असल्यास त्यानंतर साधारणपणे पाच वर्षांचा. म्हणून जुन्या पासपोर्टांतील व्हिसाच्या पानांच्या प्रती नव्या अर्जासोबत आवर्जून द्याव्यात.