स्पेनमध्ये ‘व्हेज’ मागताना: बारमध्ये ऑर्डर देण्याविषयी आमच्या प्रवाशांसाठी

स्पेनच्या सहलीत दुपारच्या जेवणाच्या वेळी टूर मॅनेजरला जे फोन येतात, त्यांत एक तक्रार ठरलेली असते: “व्हेज म्हणून सांगितलं होतं, तरी हॅम घातलंय.” ताट परत जातं, दुसरं यायला अर्धा तास लागतो, तोवर स्वयंपाकघर बंद व्हायला येतं आणि बस खोळंबते. म्हणून हे पत्रक घरीच एकदा नीट वाचून ठेवा.

यात वेटरची चूक क्वचितच असते. आपण ‘सिन कार्ने’ म्हणतो, म्हणजे ‘मांसाशिवाय’. शब्दकोशाप्रमाणे ते बरोबरच आहे. पण तिथल्या बारमध्ये ‘कार्ने’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो ताटातला मांसाचा तुकडा. ‘खामोन’ म्हणजे मीठ लावून सुकवलेली डुकराची मांडी; तिचे बारीक तुकडे भाजीत चवीपुरते पडतात आणि ते ‘कार्ने’त मोजायचं अनेकांच्या मनातही येत नाही. ‘आतून’ म्हणजे टूना, तो तर मासाच. मेनूकार्डावरही मांसाचा रकाना वेगळा, माशांचा वेगळा आणि खामोनचा बहुधा तिसराच. आपल्याकडे उपवासाला शेंगदाणे चालतात आणि चणे चालत नाहीत, हे परक्या माणसाला आपोआप कळत नाही. तसंच हे. तिथे पाकिटावर हिरवा ठिपकाही नसतो.

तेव्हा ‘सिन कार्ने’ सोडून द्या आणि नावं घेऊन सांगा:

सोय बेखेतारियानो. नो कोमो कार्ने, नी खामोन, नी पेस्कादो, नी आतून, नी मारिस्को.

म्हणजे: मी शाकाहारी आहे, मांस, खामोन, मासे, टूना, कोळंबी-शिंपल्या खात नाही. बाईंनी ‘बेखेतारियाना’ म्हणायचं. ‘ख’ घशातून, खाकरल्यासारखा काढा. अंडं नको असेल तर पुढे ‘नी उएबो’ जोडा. जैन मंडळींसाठी ‘सिन थेबोया, सिन आखो’, म्हणजे कांदा-लसणाशिवाय. मात्र कांदा-लसूण घालून आधीच शिजवून ठेवलेल्या पदार्थातून ते कुणी काढून देऊ शकत नाही, हे लक्षात असू द्या.

हे वाक्य ऑर्डर देण्याआधी म्हणायचं. मग बोट ठेवलेल्या पदार्थाबद्दल विचारा: ‘के येबा?’ म्हणजे ‘यात काय काय असतं?’ ‘हे व्हेज आहे का?’ असं विचारलंत तर घाईत ‘सी, सी’ (हो, हो) ऐकू येईल. ‘के येबा’ला मात्र वेटरला यादी सांगावी लागते, आणि त्या यादीत ‘खामोन’, ‘आतून’, ‘चोरीथो’ किंवा ‘काल्दो’ ऐकू आलं की समजून जा. चोरीथो म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज. काल्दो म्हणजे रस्सा, तो बहुधा हाडांचा.

नावाला भुलू नका. ‘सँडविच बेखेताल’ हा सगळ्यात मोठा सापळा: त्यात पाला-टोमॅटो असतो, बरोबर अंडं आणि बऱ्याचदा टूनाही. ‘एन्सालादा मिक्स्ता’ या साध्या कोशिंबिरीवर टूना जवळजवळ ठरलेला. ‘एन्सालादिया रूसा’ या बटाट्याच्या सॅलडातही तोच. कोर्दोबाचं थंड टोमॅटो सूप ‘साल्मोरेखो’ स्वतः शाकाहारी, पण वर अंडं आणि खामोन भुरभुरतात. ‘सिन खामोन’ म्हटलं की काम झालं. फरसबी आणि मिश्र भाज्यांत खामोन, मसूर आणि छोल्यांच्या रश्श्यात चोरीथो. ‘क्रोकेतास’ म्हणजे तळलेले छोटे रोल, बहुधा खामोनचे. पालकाचे किंवा अळंब्यांचे मिळाले तरी तेल तेच असतं. कडक शाकाहारी असाल तर तळलेलं टाळलेलंच बरं. आणखी एक जोडी पाठ करा: ‘मान्तेकिया’ म्हणजे लोणी, ‘मान्तेका’ म्हणजे डुकराची चरबी. आंदालुसियात सकाळच्या टोस्टवर दोन्ही मिळतात.

निर्धास्त काय खावं? टोमॅटो चोळलेला पाव ‘पान कोन तोमाते’. हिरव्या मिरच्या तळून खडा मीठ घातलेल्या ‘पिमिएन्तोस दे पाद्रोन’. त्यांतली एखादीच तिखट निघते. तळलेलं टाळत असाल तर या सोडा. अंडं चालत असेल तर ‘तोर्तिया दे पातातास’, बटाट्याचं जाड ऑम्लेट. सेव्हिलमध्ये असाल तर ‘एस्पिनाकास कोन गार्बान्थोस’ चुकवू नका: पालक, छोले, लसूण, आणि चक्क जिरं. तिथेही ‘के येबा’ विचारायचंच.

दुपारी बाहेर पाटीवर ‘मेनू देल दिया’ दिसेल. ठरलेल्या किमतीत दोन पदार्थ, पाव, एक पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी. आठवड्याच्या कामाच्या दिवशी यापेक्षा किफायतशीर जेवण मिळणं कठीण. अडचण अशी, की दुसऱ्या भागात, ‘सेगुन्दो’त, शाकाहारी सहसा काहीच नसतं. तेव्हा ‘पुएदो पेदीर दोस प्रिमेरोस?’ असं विचारा, म्हणजे दोन्ही पदार्थ पहिल्या भागातले. बरीच ठिकाणं आनंदाने देतात.

वेळ मात्र पाळा. दुपारचं जेवण साधारण दीड ते साडेतीन, रात्रीचं साडेआठनंतर. मधल्या काळात बार उघडा दिसतो पण चूल बंद असते; तेव्हा काउंटरवरच्या काचेत असेल ते. तोर्तियाचा तुकडा बहुतेक असतोच.

पेयांचं सोपं आहे. मागायचं कसं? ‘मे पोने ऊन काफे कोन लेचे, पोर फाबोर’. आपल्या ‘एक कॉफी देता का?’ सारखंच. फोनमधलं ॲप इंग्रजीवरून ‘पुएदो तेनेर’ असं काही सुचवतं; अर्थ कळतो, पण तिथे तसं कुणी बोलत नाही. थोडं दूध हवं तर ‘कोर्तादो’, बिनदुधाची ‘सोलो’. चहा म्हणाल तर गरम पाण्यात पिशवी येते, आलं-वेलचीची आशा धरू नका. छोटा ग्लास बिअर म्हणजे ‘कान्या’. ‘सिन आल्कोल’ बिअरमध्येही किंचित अल्कोहोल असू शकतं; अजिबात नको असेल तर ‘थेरो-थेरो’ मागा. पाणी गार सोसत नसेल तर ‘देल तिएम्पो’, बर्फ नको तर ‘सिन येलो’. नळाचं पाणी, ‘आग्वा देल ग्रीफो’, ग्राहकाला फुकट द्यावं असा कायदा 2022 मध्ये झाला आहे. तेव्हा बिनधास्त मागा.

ग्रानादात प्रत्येक पेयाबरोबर फुकट तापा, म्हणजे तोंडी लावायला छोटासा पदार्थ, येतो. तो बारवाला ठरवतो आणि न विचारता खामोन येऊ शकतं. म्हणून पेय सांगतानाच वरचं मोठं वाक्य म्हणा. बार्सिलोनात तापाचे सहसा पैसे पडतात.

बिल मागितल्याशिवाय येत नाही: ‘ला कुएन्ता, पोर फाबोर’. प्रत्येकाचं वेगळं बिल मागू नका. एकाने भरा, हिशेब बसमध्ये करा. टेबलावर ठेवलेल्या पावाचेही पैसे लागू शकतात; नको असेल तर हात न लावता परत द्या. टिप बंधनकारक नाही, सुटे ठेवले तरी चालतं.

दुपारचं जेवण आम्ही सहलीत का धरत नाही, असं बरेच जण विचारतात. तोलेदो किंवा कोर्दोबाच्या जुन्या गल्ल्यांत बस शिरत नाही, आणि तीस जणांना एकाच ठिकाणी बसवलं की जेवणातच दोन तास जातात. शिवाय भारतीय जेवण माद्रिदच्या लावापिएस भागात सहज मिळतं, लहान गावात नाही. रात्रीचं शाकाहारी जेवण आमच्याकडे असतंच आणि त्याचा पदार्थवार मेनू आम्ही हॉटेलकडून आधी लेखी घेतो.

पाकिटातल्या पिवळ्या कार्डावर वरचं वाक्य स्पॅनिशमध्ये, रोमन लिपीत छापलेलं आहे. मागे अंडं, कांदा, लसूण आणि चीज यांचे चौकोन आहेत; जे चालत नाही त्यावर घरूनच फुली मारून आणा. बोलायला जमलं नाही तर वेटरला ते दाखवा आणि स्वयंपाकघरात नेऊ द्या. परत आणून द्यायला तो विसरतो, म्हणून माणशी दोन कार्डं दिली आहेत.