दुष्काळ आणि महाविद्यालयीन शिक्षण (मराठवाडा)

पाऊस दगा देतो, शेतीचे उत्पन्न बुडते आणि त्याची झळ शहरात शिकणाऱ्या मुलामुलींपर्यंत पोहोचते. मराठवाड्यात २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ या वर्षांत ती विशेष बसली. भूकंपात इमारत पडते, पुरात ग्रंथालय भिजते. ते नुकसान दिसते. दुष्काळात कॉलेज उघडे असते, तास नेमाने होतात, फक्त बाकावरचा मुलगा गावी गेलेला असतो. पंचनाम्यात पिकांना, जनावरांना, घरांना रकाना असतो. बुडालेल्या वर्षाला नसतो.

घरून येणारा पैसा पिकाच्या हिशेबाने येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन मोंढ्यावर, म्हणजे धान्याच्या बाजारात, जाते आणि त्यातून खोलीचे भाडे, मेस, परीक्षेचा फॉर्म निघतो. पीक गेले की पहिली कात्री पोटाला लागते. पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात दोन वेळची मेस एक वेळची होते, एका डब्यात दोघे जेवतात. मग कुणी कमवा व शिका योजनेत नाव घालतो, कुणी रात्रपाळीचे काम धरतो, आणि सकाळचे तास चुकू लागतात. ‘यंदा घरीच थांब’ हा फोन बहुधा यानंतर येतो.

लातूरला पैशाइतकाच पाण्याचा प्रश्न होता. राज्यभरातून मुले जिथे शिकवणीसाठी येतात, त्या शहरात मार्च २०१६ मध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या खेपेला १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर. वसतिगृहात बादली मोजून मिळू लागली की अभ्यासाचा दिवस पाण्याभोवती फिरतो.

राज्य सरकार दुष्काळ जाहीर करते तेव्हा जमीन महसुलातील सूट, कर्जवसुलीला स्थगिती यांबरोबर परीक्षा शुल्काची माफीही मिळते. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हा ती होती. ही सवलत हवीच. पण शहरात राहून शिकणाऱ्याच्या खर्चात परीक्षा शुल्क हा सर्वांत लहान आकडा. शिवाय प्रवेश पावसाळ्यात होतात आणि घोषणा पावसाळा सरल्यावर होते. तोवर उसनवारी झालेली असते.

गावाहून ये-जा करणाऱ्या मुलींचे गणित एसटीच्या पासावर ठरते. अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास बारावीपर्यंतच मिळतो. पदवीच्या पहिल्या वर्षापासून सवलतीच्या पासाचे पैसे भरावे लागतात, आणि घरात रोकड नसेल तेव्हा मुलीचे शिक्षण थांबवायला तेवढी रक्कम पुरते. दुष्काळी भागात हा पास मोफत देण्याचे निर्णय झाले आहेत. त्यांचे मोल परीक्षा शुल्काच्या माफीहून मोठे मानले पाहिजे.

ओल्या दुष्काळातही हेच घडते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी आणि पूर आले, तेव्हा सरकारने दुष्काळातल्याच सवलती लागू केल्या. लोकसेवा आयोगाने २८ सप्टेंबरची राज्यसेवा पूर्वपरीक्षा ९ नोव्हेंबरवर नेली. रस्ते बंद असताना ते योग्यच होते. मात्र अभ्यासिकेचे, खोलीचे आणि मेसचे सहा आठवडे वाढले, आणि ते पैसे ज्या घरांतून यायचे त्यांचे सोयाबीन पाण्यात उभे होते.